होडीचे यंत्र आणि इंधनाची वाट

म्हैसूर शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे साठ किलोमीटरांवर, हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, कबिनी नदी अडवून निर्माण केलेला एक विस्तीर्ण जलाशय आहे. केरळातील वायनाडच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी पुढे तिरुमकूडलु नरसीपूर येथे कावेरीस मिळते. तिच्यावरील धरण १९७४ मध्ये पुरे झाले आणि सुमारे साडेएकोणीस टीएमसी पाणी साठविणाऱ्या या तलावाच्या पोटात कित्येक गावे, शेते आणि अरण्याचा मोठा भाग गडप झाला. तलावाच्या एका अंगास नागरहोळेचे रान आहे, दुसऱ्या अंगास बंडीपूरचे. फाल्गुन-चैत्रात पाणी ओसरू लागले म्हणजे उघड्या पडलेल्या काठांवर कोवळे गवत उगवते आणि त्या गवताच्या ओढीने हत्तींचे कळप पाण्यावर उतरतात. हे दृश्य पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी कबिनीकाठी येत आले आहेत आणि त्यांत महाराष्ट्रातील कुटुंबांची संख्या लहान नाही.

या पाण्यावरून माणसांना नेणाऱ्या बहुतेक लहान बोटींच्या मागच्या फळीस एक सुटसुटीत यंत्र अडकविलेले असते. यासच आउटबोर्ड मोटर असे म्हणतात. बोट किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटर आत गेली आहे, पाण्याबाहेर डोकावणारी, पन्नास वर्षांपूर्वी बुडालेल्या झाडांची काळी खोडे भोवती उभी आहेत, काठावर मगर ऊन खात पडली आहे, ढगही भरून येत आहेत, अशा वेळी ते यंत्र दोन-चार आचके देऊन थांबले, तर प्रवाशांचे डोळे हत्तींवरून निघून नावाड्याच्या हातांवर खिळतात. त्या हातांनी पुढच्या पाच मिनिटांत काय करावे, हा या भाषणाचा विषय आहे.

आउटबोर्ड मोटरीचा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. अमेरिकेत स्थायिक झालेला ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला यंत्रज्ञ. त्याने १९०९ मध्ये अशी मोटर बाजारात आणली आणि ती लोकप्रिय केली. प्रियतमेसाठी तलावापलीकडून वल्हवत आणलेले आइस्क्रीम वाटेतच वितळले म्हणून त्याला या यंत्राची कल्पना सुचली, अशी एक गोड कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, वल्ह्यांचा कंटाळा हेच या यंत्राचे मूळ असावे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सर्वच ठिकाणी मात्र हे यंत्र इष्ट असते असे नव्हे. म्हैसूरजवळ कावेरीच्या पात्रातील रंगनतिट्टूच्या पक्षी-अभयारण्यात पक्षी बुजू नयेत म्हणून नावा वल्ह्यांनीच चालवितात, आणि कबिनीवरील कोळ्यांच्या टोपलीसारख्या गोल नावांना, ज्यांना कन्नडमध्ये हरिगोलु म्हणतात, एका वल्ह्याखेरीज कशाचीच गरज नसते. वल्हे बिघडत नाही, हा त्याचा मोठा गुण.

यंत्र थांबले की सामान्य माणूस यंत्रालाच दोष देतो, त्याचे आवरण उघडतो आणि पाना शोधू लागतो. अनुभवी नावाडी तसे करीत नाही. यंत्राचे लोखंडी अवयव सहसा एकाएकी मोडत नाहीत. बहुतेक वेळा यंत्र धडधाकट असते आणि त्याला अन्न मिळालेले नसते, अथवा नासलेले अन्न मिळालेले असते. पेट्रोलच्या टाकीपासून यंत्राच्या पोटापर्यंतची वाट जेमतेम दोन-तीन मीटरांची आहे. या वाटेवर टाकी, नळी, हाताने दाबावयाचा रबरी फुगा, गाळणी, पंप आणि कार्ब्युरेटर ही ठाणी क्रमाने लागतात. शोध घ्यावयाचा तो टाकीपासून यंत्राकडे, याच क्रमाने घ्यावा. कारण वाटेच्या आरंभीची ठाणी उघडण्यास हत्यार लागत नाही आणि बहुसंख्य दोष नेमके तेथेच असतात.

परंतु हात लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारावयास हवा: यंत्र कसे आणि केव्हा बंद पडले? दिवा मालवावा तसे ते क्षणात गप्प झाले असेल, तर दोष बहुधा विजेच्या बाजूचा असतो. चालकाच्या मनगटास बांधलेली सुरक्षेची दोरी कळीपासून निसटली, तरी यंत्र असेच तत्क्षणी थांबते. यास्तव प्रथम ती दोरी पाहावी. एवढ्याशा तपासणीअभावी सुरू करण्याची दोरी ओढून ओढून दमलेली माणसे थोडी नाहीत. याउलट यंत्र अडखळले, वेग मंदावला, क्षणभर सावरले आणि मग विझले, तर ती इंधनाची उपासमार समजावी. सुरू होऊन तीन-चार मिनिटांनी थांबणारे, मंद गतीत थांबणारे आणि केवळ पूर्ण वेगात दम तोडणारे यंत्र, ही तीन निरनिराळ्या दुखण्यांची चिन्हे आहेत. ती ओळखता आली की अर्धे काम झाले.

तीन-चार मिनिटांच्या दुखण्याचे कारण इतके क्षुल्लक असते की ते सांगताना नावाड्यांना हसू येते. सुट्या टाकीच्या झाकणावर हवा आत येण्यासाठी एक लहान स्क्रू असतो. टाकी वाहून नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो आवळतात आणि बोटीत ठेवल्यावर सैल करावयास विसरतात. यंत्र पेट्रोल शोषू लागते, त्याची जागा घेण्यास हवा आत येऊ शकत नाही, टाकीत पोकळी निर्माण होते आणि पंपाची शक्ती त्या पोकळीपुढे अपुरी पडते. टाकीच्या बाजू आत ओढल्या गेलेल्या दिसल्या, किंवा स्क्रू सैल करताच हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला, तर निदान पक्के झाले. भरलेल्या तांब्याचे तोंड हाताने दाबून धरून त्याच्या बुडाला भोक पाडले, तरी पाणी गळत नाही, हे ज्याने लहानपणी पाहिले आहे त्याला याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. लहान यंत्रांची टाकी त्यांच्याच डोक्यावर असते. त्यांच्या झाकणासही असाच स्क्रू असतो आणि शिवाय पेट्रोलची एक तोटीही असते. ती बंद राहिली, तर कार्ब्युरेटरमधील शिल्लक पेट्रोलवर बोट काठापासून थोडी दूर जाते आणि मग थांबते. टाकीत पेट्रोल आहे की नाही हे काट्यावर विश्वास न ठेवता झाकण उघडून पाहावे, हे सांगावयास नकोच.

यानंतर नळीच्या मध्यावरील रबरी फुग्याकडे वळावे. वैद्याला जशी नाडी, तसा नावाड्याला हा फुगा. त्याच्या दोन्ही टोकांस एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात आणि अंगावर बाण कोरलेला असतो. बाणाचे टोक नेहमी यंत्राकडे असले पाहिजे. बाणाची दिशा वर राहील असा तो उभा धरून दाबला म्हणजे झडपा नीट बसतात. काही वेळा दाबल्यानंतर फुगा कठीण व्हावयास हवा. तसा तो झाला, तर टाकीपासून येथवरची वाट निर्वेध आहे. कितीही दाबला तरी तो मऊच राहत असेल, तर एक तर टाकीत पेट्रोल नाही, अथवा झडप निकामी आहे, अथवा नळीच्या एखाद्या जोडातून हवा आत येते आहे, किंवा पुढे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओसंडून वाहते आहे. यंत्र चालू असताना फुगा आपोआप चपटा होत असेल, तर अडथळा त्याच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूस आहे: हवेचा स्क्रू, टाकीतील शोषनळीच्या तोंडाची जाळी किंवा पिळवटलेली नळी. आणि फुगा दगडासारखा कठीण असूनही यंत्रास पेट्रोल मिळत नसेल, तर अडथळा त्याच्या पुढे शोधावा.

हवेच्या गळतीविषयी थोडे अधिक सांगणे प्राप्त आहे, कारण ती माणसाला फार चकवते. गळती म्हटली की ओल दिसावी अशी आपली समजूत असते. परंतु टाकीपासून पंपापर्यंतची नळी शोषणाची नळी आहे. तिला बारीक चीर पडली तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळी कोरडी ठणठणीत दिसते आणि यंत्र मात्र उपाशी राहते. अशा वेळी फुगा हाताने घट्ट दाबून धरावा. आता नळीत बाहेर ढकलणारा दाब निर्माण होतो आणि चोरवाटेवर पेट्रोलचा थेंब दिसतो. हा थेंब पुष्कळदा नळी यंत्राला जोडणाऱ्या खटक्यापाशी सापडतो. तेथील लहानसे रबरी कडे उन्हाने कडक होऊन चिरते. या कड्याची किंमत नगण्य, पण ते जवळ नसले तर बोट ओढून आणण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून शहाणा नावाडी दोन कडी, एक स्पार्क प्लग आणि प्लगचा पाना डबीत घालून बोटीतच ठेवतो.

यंत्र विझू लागताच कोणी फुगा सतत दाबत राहिला आणि त्याने यंत्र पुन्हा उचल खाऊ लागले, तर पंपाचे काम हात करीत आहे, हे उघड होते. असे फुगा दाबत काठ गाठता येतो. ती लाजेची गोष्ट नव्हे. लहान यंत्राचा पंप म्हणजे एका पातळ पडद्याची हालचाल असते. टू-स्ट्रोक यंत्रात खालच्या पोकळीतील दाबाचे चढउतारच त्या पडद्यास हलवितात. फोर-स्ट्रोकमध्ये बहुधा एक लहान दांडा ते काम करतो. पडदा ताठर झाला किंवा फाटला, तर मंद गतीत यंत्र कसेबसे चालते, वेग वाढवताच दम तोडते. गाळणी तुंबली तरी लक्षण हेच. म्हणून पंप उघडण्यापूर्वी गाळणी पाहावी. तिची वाटी बहुधा पारदर्शक असते आणि तळाशी पाणी वा गाळ असल्यास डोळ्यांना दिसतो.

वाटेवरील शेवटचे आणि सर्वांत नाजूक ठाणे कार्ब्युरेटरचे. त्याच्या खालच्या वाटीत फ्लोट तरंगत असतो. पेट्रोलची पातळी वाढली की तो वर उचलला जाऊन एका सुईने येणारी वाट बंद करतो. घरातील पाण्याच्या टाकीत असते तीच ही युक्ती. सुई कचऱ्याने उघडी राहिली तर पेट्रोल ओसंडते, बंद अडकली तर वाटी कोरडी पडते. दोन्ही प्रसंगी वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचकी मारल्याने ती मोकळी होण्याचा संभव असतो, आणि पाण्याच्या मध्यावर तेवढाच उपाय शक्य असतो. वाटीतून वर जाणारे पेट्रोल दोन बारीक छिद्रांतून हवेत मिसळते. मोठे छिद्र वेगासाठी, लहान मंद गतीसाठी. लहान छिद्र केसाएवढे सूक्ष्म असल्याने तेच आधी तुंबते. म्हणून पूर्ण वेगात उत्तम पळणारे यंत्र धक्क्याजवळ येताच बंद पडते. चोक थोडा ओढला असता चालते आणि सोडला असता थांबते, असे असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा अधिक होत आहे, म्हणजे छिद्र अंशतः बुजले आहे किंवा कोठून तरी हवा शिरते आहे, असे समजावे. ही छिद्रे ठराविक मापाची असतात. ती तारेने टोचून साफ करण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्यामुळे छिद्र मोठे होऊन यंत्र कायमचे बिघडते. काठावर आल्यावर साफ करण्याचा द्रव आणि दाबाची हवा वापरावी. टाचणी आणि तार दूर ठेवावी.

इंधन खरोखर पोटात पोचते की नाही, याचा निर्णय स्पार्क प्लग देतो. बरेचदा दोरी ओढून झाल्यावर प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचलेले नाही. तो पेट्रोलने निथळत असेल, तर पेट्रोल प्रमाणाबाहेर आले आहे किंवा ठिणगी पडत नाही. मग चोक पूर्ण बंद करून, प्लग पुसून, थोडा वेळ वाट पाहणे हाच उपाय. अधीर माणूस नेमका याच वेळी चोक आणखी ओढतो. प्लगच्या टोकावर पाण्याचे स्वच्छ मणी दिसले, तर गोष्ट गंभीर आहे, आणि ती सविस्तर सांगितली पाहिजे.

पेट्रोल आणि पाणी यांचे पूर्वी सरळ वैर होते. टाकीत पाणी शिरले तर ते जड असल्याने तळाशी बसे. वाटी उघडली की मण्यांसारखे दिसे आणि ओतून देता येई. आता पेट्रोलचेच स्वरूप बदलले आहे. उसाच्या मळीपासून, रसापासून व धान्यापासून केलेले इथेनॉल, म्हणजे निर्जल मद्यार्क, त्यात मिसळतात. ही कल्पना नवी नव्हे; अशा मिश्रणासंबंधीचा कायदा भारतात १९४८ मध्येच झाला होता. तथापि तिचा व्यापक अंमल अलीकडचा. २०२२ मध्ये देशभरातील पेट्रोलात सरासरी दहा टक्के मिश्रण साधले गेले. वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलचा आरंभ फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूरला झाला आणि २०२५ पर्यंत तेच सर्वत्र रूढ झाले. म्हैसूरच्या परिसराला हा विषय परका नाही. कृष्णराजसागराच्या पाण्यावर शेजारच्या मंड्याचे उसाचे मळे उभे राहिले आणि १९३३ मध्ये स्थापन झालेल्या मैसूर शुगर कंपनीचा कारखाना तेथे आला. नदीचे पाणी उसात, उसाचा रस मळीत, मळीचा मद्यार्क पेट्रोलात आणि ते पेट्रोल पुन्हा नदीवरील होडीत, असा हा मोठा फेरा आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने आणि परदेशी तेलाचा खर्च कमी व्हावा या दृष्टीने त्याचे समर्थन होऊ शकते. होडीच्या यंत्राच्या दृष्टीने मात्र काही गोष्टी जाणून घेणे भाग आहे.

इथेनॉलला पाण्याची विलक्षण ओढ आहे. टाकीच्या हवेच्या छिद्रातून येणारी दमट हवा, टाकीच्या आतल्या अंगास रात्री सुटणारा घाम, पावसाचे दोन थेंब, हे सर्व ते स्वतःत सामावून घेते. दहा टक्के मिश्रणाच्या दहा लिटर पेट्रोलात साधारण पन्नास मिलिलिटर, म्हणजे चहाच्या लहान कपाएवढे पाणी, असे दिसेनासे होऊन राहू शकते. तोवर यंत्र तक्रार करीत नाही. मर्यादा ओलांडली, किंवा थंडीच्या रात्री इंधन गार झाले, की मिश्रण एकाएकी फुटते. पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाशी जाऊन बसतात. वर राहते ते सत्त्व गेलेले पेट्रोल. वीस टक्क्यांचे मिश्रण याहून अधिक पाणी सोसते, परंतु फुटले म्हणजे त्याचा तळाचा थरही तितकाच जाड असतो. शोषनळीचे तोंड टाकीच्या तळाशीच असते. यंत्र प्रथम शोषते ते तळाचा थर, आणि त्यावर ते चालू शकत नाही. टाकी हलवून हे दोन थर पुन्हा एकजीव होतील अशी आशा करणे व्यर्थ आहे. ते सगळे इंधन काढून टाकावे लागते.

टू-स्ट्रोक यंत्रात याहून मोठा धोका संभवतो. या यंत्राला वंगण पेट्रोलातूनच मिळते. साधारणपणे पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल, म्हणजे दहा लिटरांस दोनशे मिलिलिटर, असे प्रमाण निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. मिश्रण फुटले म्हणजे तेल वरच्या पेट्रोलाबरोबर राहते आणि तळाचा थर वंगणाशिवाय यंत्रात जातो. तो थोडा वेळ जरी जळला, तरी दट्ट्या आणि सिलिंडर कोरडे घासतात. बंद पडलेले यंत्र दुरुस्त होते. असे घासलेले यंत्र पुष्कळदा होत नाही. तेल जास्त घातले तर प्लग काजळतो, कमी घातले तर यंत्र जळते. अंदाजाने तेल ओतण्याची सवय या दोन्हींस कारण होते. मापाचा पेला ही खर्चाची वस्तू नव्हे.

पेट्रोलात मद्यार्क किती आहे, हे घरच्या घरी पाहता येते. खुणा असलेल्या उंच काचेच्या नळीत दहा भाग पाणी घ्यावे, त्यावर शंभर भाग पेट्रोल ओतावे, तोंड बंद करून हलवावे आणि काही मिनिटे स्थिर ठेवावे. मद्यार्क पेट्रोल सोडून पाण्यात उतरतो. खालचा थर दहाऐवजी तीसच्या आसपास दिसला, तर पेट्रोलात सुमारे वीस टक्के मद्यार्क आहे. हा प्रयोग उघड्या हवेत, विस्तवापासून दूर करावा आणि वापरलेले पेट्रोल पुन्हा टाकीत घालू नये. अनेक आउटबोर्ड मोटरींच्या पुस्तिकांत दहा टक्क्यांपर्यंतच्याच मिश्रणाची मुभा दिलेली आढळते. त्यामागे कारण आहे. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला नऊ. कार्ब्युरेटरची छिद्रे पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेली असल्याने मद्यार्क वाढला की मिश्रण विरळ होते, यंत्र तापते आणि मंद गतीत अडखळते. शिवाय जुन्या नळ्यांचे आणि कड्यांचे रबर मद्यार्काने फुगते वा ठिसूळ होते आणि टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा मळ सुटून गाळणीत येऊन बसतो. जुन्या यंत्राच्या मालकाने म्हणून नळ्या बदलून घ्याव्यात, गाळणी वरचेवर पाहावी आणि पेट्रोल ताजे, लागेल तेवढेच भरावे.

कबिनीच्या पाण्याची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २२८४ फूट आहे. तेथील हवा किनाऱ्यावरील हवेहून सहा-सात टक्के विरळ असते. समुद्रकाठी जुळवून आणलेले यंत्र तेथे किंचित अधिक पेट्रोल खाते, थोडी शक्ती कमी देते. परंतु केवळ त्यामुळे ते बंद पडत नाही. म्हैसूरच्या उंचीला दोष देणाऱ्याने आधी गाळणी उघडावी. उन्हाचा त्रास मात्र खरा आहे. वैशाखाच्या दुपारी उघड्या बोटीतील टाकी तापते, आत वाफ कोंडते आणि नळी जोडलेली असेल तर तो दाब पेट्रोलाला सुईपलीकडे ढकलून कार्ब्युरेटर ओसंडवितो. दुपारची विश्रांती संपवून परतावे तो यंत्र सुरू होत नाही, प्लग निथळत असतो. नळी काढून ठेवणे आणि टाकीवर ओले गोणपाट टाकणे, एवढ्याने हे टळते.

कोकण आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर याच जातीच्या मोटरी मासेमारीच्या नावांवर आहेत. मात्र त्यांपैकी पुष्कळ पेट्रोलवर सुरू होऊन तापल्यावर रॉकेलवर चालविल्या जातात. तेथला तांडेल धक्क्याजवळ येण्यापूर्वी तोटी फिरवून पुन्हा पेट्रोल सुरू करतो, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल उरत नाही. तो हे विसरला तर दुसऱ्या दिवशी पहाटे थंड यंत्र रॉकेलवर पेट घेत नाही, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. जलाशयात भरतीची घाई नाही, एवढाच फरक. इंधनाची वाट सर्वत्र तीच.

आणखी एक गोष्ट तपासणीपूर्वीच ध्यानात असावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते; ती उडून जात नाही, होडीच्या तळाशी साचून राहते. यास्तव सुटी टाकी काठावर उतरवून भरावी, पूर्ण तोंडापर्यंत भरू नये, विडी-काडी दूर असावी आणि पेट्रोल सांडले असल्यास पुसून, वाफ जाऊ देऊनच दोरी ओढावी. भर पाण्यात कार्ब्युरेटर उघडण्याची वेळ आली, तर आधी नांगर टाकावा, म्हणजे बोट वाऱ्याने खोडांवर जात नाही, आणि प्रवाशांनी जीवरक्षक जाकिटे घातली आहेत हे पाहावे. वाटीतले पेट्रोल डब्यात धरावे. कबिनीचे पाणी पुढे शेतीला आणि पिण्याला जाते. त्यात एक पेलाभर पेट्रोल ओतणे हा कोणाच्याही सोयीचा मार्ग नव्हे. आणि पंधरा मिनिटांत यंत्र बोलले नाही, तर हट्ट सोडून वल्ही उचलावीत किंवा मदत मागावी. अंधार पडल्यावर मागितलेली मदत उशिरा पोचते.

होडी काही आठवडे काठावर राहणार असेल, मग कारण पावसाळ्याचे असो वा दुसरे, तर त्या काळात पेट्रोलचा हलका अंश उडून जातो आणि मागे राहतो तो चिकट, राळेसारखा अवशेष. हंगामाच्या पहिल्या दिवशी बंद पडणाऱ्या यंत्रांपैकी बहुतेकांचे लहान छिद्र याच राळेने बुजलेले सापडते. त्यावर उपाय यंत्र ठेवून देण्याच्या दिवशीच करावयाचा असतो. यंत्राचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून ते चालू करावे, पेट्रोलची नळी काढून घ्यावी आणि वाटीतले पेट्रोल संपून ते आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे. मग वाटीखालचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढावेत. टाकी रिकामी करून कोरडी करावी. फोर-स्ट्रोक यंत्राच्या टाकीतील पेट्रोल ताजे असेल तर ते लगेच मोटारगाडीत वापरून टाकता येते. तेल मिसळलेले टू-स्ट्रोकचे इंधन मात्र तसे वापरू नये, ते दुसऱ्या चालू बोटीस द्यावे. टाकीवर भरल्याची तारीख खडूने लिहून ठेवण्याची पद्धत काही नावाडी पाळतात. सहा आठवड्यांपूर्वीची तारीख दिसली की ते झाकण उघडून आधी वास घेतात. ताज्या पेट्रोलचा वास तिखट आणि हलका असतो, शिळ्याचा आंबूस, रंगाच्या डब्यासारखा.